अब्बांची गाडी आणि माझा लॅपटॉप

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर, गियरच्या दांड्याच्या पुढे, एक गोल खाच आहे. तिच्यावर काळं प्लास्टिकचं झाकण, आणि झाकणावर बारीक अक्षरांत छापलेलं: १२ व्होल्ट, १२० वॅट. अब्बा तिला ‘लायटर’ म्हणतात. आमच्या घरात कुणी कधी सिगारेट ओढली नाही, आणि गाडीबरोबर लायटर आलाही नव्हता. पण नाव चिकटलं ते चिकटलं. तसं ते चुकीचंही नाही. ही खाच मुळात सिगारेट पेटवण्यासाठीच आली. आत तारेची एक चकती असायची, ती काही सेकंदांत लाल व्हायची, खट् करून बाहेर यायची आणि काम संपायचं. तासन् तास वीज पुरवणं हे तिचं काम नव्हतंच. पुढे मोबाइल आले, रस्ता दाखवणारी यंत्रं आली, लॅपटॉप आले, आणि सगळे त्याच खाचेत शिरले.

मी शिरलो तो जून २०२० मध्ये.

त्या वर्षी टाळेबंदीत, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, मी ई-पास काढून मुंबईहून गावी आलो होतो. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, खाडीच्या काठाला. ईदची नमाज घरातच अदा केली, शिरखुर्मा कुणाकडे न्यायचा नाही की कुणाचा आणायचा नाही, अशी ती ईद. परत जायचं म्हणत होतो तोवर ३ जूनला निसर्ग वादळ आलं. त्या दुपारचं वर्णन मी इथे पुन्हा करत नाही. आमच्याकडच्या लोकांना ते सांगायची गरज नाही आणि बाहेरच्यांना सांगून ते कळत नाही. एवढंच सांगतो की संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा सुपारीच्या बागेतून थेट खाडी दिसत होती. त्याआधी आमच्या अंगणातून खाडी कधीच दिसली नव्हती.

विजेचे खांब आडवे झाले होते. मोबाइलचा टॉवर बंद. मशिदीत तेव्हा जमात नव्हती, बांगी आणि आणखी दोघेतिघे एवढेच. लाउडस्पीकर नसल्यामुळे बांगींच्या उघड्या गळ्याची अजान कितीतरी वर्षांनी ऐकली. आमच्या वाडीत वीज यायला महिना उलटून गेला.

माझं काम भाषांतराचं. उर्दूतून आणि इंग्रजीतून मराठीत. हातात एक पुस्तक होतं, नव्वद पानं बाकी होती, आणि मुदत होती २० जूनची. टाळेबंदीत दुसरी दोन कामं रद्द झालेली, भाईजानचा आखातातला पगार थांबलेला. तेव्हा ती नव्वद पानं म्हणजे हौसेचा मामला नव्हता. लॅपटॉप वादळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडला.

बॅगेत एक छोटा इन्व्हर्टर होता. मुंबईत रस्त्यावरून घेतलेला, लाल रंगाचा, त्यावर ‘२०० वॅट’ लिहिलेलं. एका बाजूने गाडीच्या लायटरमध्ये घालायचा, दुसऱ्या बाजूला घरच्यासारखा सॉकेट, त्यात लॅपटॉपचा नेहमीचा अ‍ॅडॉप्टर. अब्बांची अल्टो पडवीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. शेडचे पत्रे उडाले, गाडीला ओरखडाही नाही. मी चावी पहिल्या खटक्यावर फिरवली, इन्व्हर्टर लावला, हिरवा दिवा लागला, लॅपटॉप चार्ज व्हायला लागला. मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

हिशेबही केला होता. बोनेट उघडून पाहिलं तर बॅटरीवर ३५ अँपिअर-तास लिहिलेलं. बाराने गुणलं, ४२० वॅट-तास. लॅपटॉपची बॅटरी ४८ वॅट-तासांची. म्हणजे गाडीची बॅटरी लॅपटॉपला जवळजवळ नऊ वेळा पूर्ण भरू शकते! दिवसाला एकदा भरला तर नऊ दिवस, आणि मधे अब्बा गाडी चालू करतातच. गणित इतकं स्वच्छ होतं की त्यात काही चूक असेल असं मनातही आलं नाही.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या खालाजान दोन मोबाइल घेऊन आल्या. मग कोळीवाड्यातली पोरं आली. नेटवर्क नव्हतं तरी मोबाइल हवा होता, कारण रात्री तोच एक कंदील. गाडीचा रेडिओही मी चालू ठेवायचो, बातम्या ऐकायला चार माणसं दाराशी उभी असत. इन्व्हर्टरचा बारीक पंखा दिवसभर फिरत असायचा. नाही कुणाला कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर, गर्दीचा केंद्रबिंदू असणं मला आवडत होतं.

अम्मीला दमा आहे. वादळानंतर ओल्या भिंती, कुजलेली पानं, चुलीचा धूर, सगळंच तिच्या वाईटावर. अकराव्या रात्री, बाहेर पाऊस धो धो, दीडच्या सुमारास अब्बांनी मला हलवलं. अम्मी पलंगावर पुढे वाकून बसली होती. पंप दोनदा घेऊन झाला होता. नेब्युलायझर कपाटात होता, पण तो विजेवर चालणारा. मी म्हटलं, इन्व्हर्टर आहे ना! धावत गाडीशी गेलो. इन्व्हर्टरचा दिवा लाल होता आणि तो बारीक आवाजात चिरकत होता. अब्बा मागून आले, म्हणाले, “ते राहू दे, गाडी काढ, दवाखान्यात नेऊ.” मी चावी फिरवली.

टक्. टक्-टक्-टक्.

ज्यांनी तो आवाज ऐकला आहे त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. डॅशबोर्डचे दिवे मंद झाले आणि विझायला आले. अब्बा खिडकीशी उभे होते, टॉर्चचा उजेड त्यांनी माझ्या तोंडावर नाही, त्या लायटरवर धरला होता. एक शब्द बोलले नाहीत.

मग जे झालं ते गावातच होऊ शकतं. अब्बांनी हाका मारल्या, मी कोळीवाड्याकडे धावलो. दहा-बारा माणसं आली, कुणी लुंगीत, कुणी डोक्यावर इरलं घेऊन, तोंडाला बांधलेले रुमाल भिजून चिंब. अम्मीला मागच्या सीटवर बसवलं. आमच्या दारापासून मशिदीपर्यंत रस्ता उताराचा आहे, ही अल्लाहची मेहरबानी. दिवे बंद, दुसरा गियर, क्लच दाबलेला. गाडी ढकलली, वेग आल्यावर मी क्लच सोडला. एकदा नुसता धक्का बसला. दुसऱ्यांदा, मशिदीच्या पायऱ्यांच्या अगदी अलीकडे, इंजिन खोकलं आणि धरलं. बॅटरीत थोडा जीव उरला होता म्हणून. पेट्रोल पुढे ढकलणारा पंप आणि इंजिनचा मेंदू यांना तेवढी वीज लागतेच. ती पूर्ण संपलेली असती तर खाडीपर्यंत ढकलून उपयोग नव्हता, हे मला नंतर कळलं.

तालुक्याच्या गावी जनरेटरवर एक दवाखाना चालू होता. अम्मीला वाफ दिली, इंजेक्शन दिलं. फजरच्या वेळेस तिचा श्वास सैल झाला. मी बाहेर पावसात गाडीत बसून होतो. इंजिन बंद करायची हिंमत होत नव्हती.

घरी आल्यावर अब्बांनी लायटरमधून इन्व्हर्टर काढून माझ्या हातात दिला, तेवढंच. पण मुदत तशीच उभी होती, अजून चाळीस पानं. तेव्हा मी आणखी एक शहाणपणा केला. वाडीत चिऱ्याची वाहतूक करणारा एक ट्रक होता. मला वाटलं, ट्रकची बॅटरी केवढी मोठी, तिला लॅपटॉपचं काय ओझं! चालकदादांनी आनंदाने केबिनचं दार उघडलं. मी इन्व्हर्टर लावला. आतून फट् असा आवाज आला, जळक्या माशासारखा वास आला आणि पांढऱ्या धुराची एक बारीक दोरी वर गेली. नशीब एवढंच की लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर अजून जोडला नव्हता.

त्याच दिवशी दुपारी मामू आले. मामू म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ. कुवेतच्या एका गॅरेजात त्यांनी आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलं. बहिणीला पाहायला ते पलीकडच्या गावाहून चालत आले होते, खांद्याला पिशवी, पिशवीत तिच्यासाठी औषधं आणि, का कोण जाणे, मल्टिमीटर. ट्रकची हकिकत ऐकून ते आधी पोट धरून हसले.

“बेटा, मोठ्या ट्रकमध्ये बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. चोवीस व्होल्ट. एसटीतही तेच. तुझं खेळणं बाराचं. दुप्पट दाबाने पाणी सोडलंस तर नळी फुटणारच.” छोट्या टेम्पोत बारा असतात, मोठ्या ट्रकमध्ये चोवीस, आणि लायटरची खाच मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते. हा घोळ किती जणांना माहीत असेल? मोबाइलच्या बऱ्याच कार-चार्जरवर १२-२४ असं लिहिलेलं असतं, ते दोन्हीकडे चालतात. ज्यावर तसं लिहिलेलं नाही ते ट्रकच्या केबिनमध्ये न्यायचं नाही.

मग त्यांनी माझ्या नऊ वेळांच्या गणिताला हात घातला. आम्ही बोनेट उघडं ठेवून, डोक्यावर ताडपत्री धरून उभे होतो. त्यांनी मल्टिमीटरच्या सळया लावल्या. ११.९.

“हे बघ. बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा, गाडी बंद ठेवून थोडा वेळ गेल्यावर, १२.६ च्या पुढे दाखवते. १२.२ ला आलीस की निम्मी संपली. बाराच्या खाली म्हणजे तळ दिसायला लागला. बारा व्होल्टची बॅटरी शून्यापर्यंत वापरायची नसते.”

गाडीची बॅटरी घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी नसते. तिच्या आतल्या पट्ट्या पातळ असतात. दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअरचा झटका देऊन इंजिन फिरवणं, आणि लगेच अल्टरनेटरकडून परत भरून घेणं, यासाठी ती घडवलेली. तिला सावकाश, खोलवर उपसलं की पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि तिची ताकद कायमची कमी होते. म्हणजे ४२० मधले निम्मे, २१० वॅट-तास, हीच लक्ष्मणरेषा, तीही नव्या बॅटरीची. आमची चार वर्षं जुनी.

शिवाय मार्चपासून गाडी जागेवर उभी. बंद गाडीसुद्धा घड्याळ, कुलूप, इंजिनचा मेंदू यांच्यासाठी थोडी वीज पीत असते. वीस मिलिअँपिअर धरलं तरी महिन्याला १४ अँपिअर-तास. अब्बा दर जुम्म्याला पाच मिनिटं इंजिन चालू करायचे, बॅटरी मरू नये म्हणून. पण स्टार्टर एका झटक्यात घेतो ते आणि आठवडाभर झिरपतं ते, सगळं पाच मिनिटांत परत भरत नाही. म्हणजे मी पहिल्या दिवशी खाच उघडली तेव्हाच बॅटरी अर्धपोटी होती.

आणि गळती वेगळीच. बाराचे इन्व्हर्टरने २२० केले, त्यात शंभरातले पंधरा गेले. अ‍ॅडॉप्टरने २२० चे पुन्हा १९.५ केले, त्यात आणखी दहा-बारा गेले. लॅपटॉपमध्ये ४८ भरायला गाडीतून ६५ च्या आसपास उपसले जात होते. काही न जोडता नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर अर्धा अँपिअर खातो. रात्रभरात चार अँपिअर-तास, कुणासाठी नाही, कशासाठी नाही. चावी पहिल्या खटक्यावर, रेडिओ चालू, वाडीभरचे मोबाइल. मामूंनी बोटांवर मोजत सगळं सांगितलं आणि मग अब्बांकडे पाहून म्हणाले, “बॅटरी ही गाडीची अमानत आहे. आधी तिचं, उरलं तर दुसऱ्याचं.” अब्बा सुपारी कातरत होते. मान हलवली.

मी विचारलं, “मामू, त्या रात्री बॅटरी चांगली असती तर नेब्युलायझर चालला असता?” हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. मामू थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, त्याच्या आत मोटर असते, मोटर सुरू होताना दुप्पट-तिप्पट ओढते. असल्या स्वस्त इन्व्हर्टरची वीज घरच्यासारखी गुळगुळीत लहरत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी जाते. मोटरला ती सोसतेच असं नाही. कदाचित चालला असता, कदाचित इन्व्हर्टरच बंद पडला असता. “पण गाडी चालू झाली असती,” ते म्हणाले.

इन्व्हर्टरवर ‘२०० वॅट’ लिहिलेलं होतं त्याबद्दलही त्यांनी कान उपटले. खाचेच्या झाकणावर १२० लिहिलंय ना? मग खोक्यावर दोनशे लिहा नाहीतर दोन हजार. त्या खाचेच्या मागे जी तार आहे ती तेवढंच सोसते, आणि फ्यूज त्या तारेसाठी असतो. १५ अँपिअरचा निळा, १० चा लाल, २० चा पिवळा. फ्यूज उडाला की लोक पिवळा बसवतात, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. फ्यूज लॅपटॉपला वाचवत नाही, तो तारेला आग लागू देत नाही. तोच बांधून ठेवला तर डॅशबोर्डच्या आत तार तापत राहते आणि बाहेर बसलेल्याला प्लास्टिकचा वास येईपर्यंत पत्ता नसतो.

माझा प्लग काढून त्यांनी उजेडात धरला. टोकाशी प्लास्टिक पिवळट झालं होतं, एका बाजूला वितळलं होतं. माझं लक्षही गेलं नव्हतं. खाचेत प्लग स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो. मधलं टोक धन, बाजूच्या पाकळ्या ऋण. प्लग सैल असेल, आत धूळ किंवा गंज असेल तर तिथे विरोध वाढतो. सात अँपिअर वाहत असताना ओहमचा नुसता पाचवा भाग विरोध असला तरी त्या टोकाशी दहा वॅट उष्णता तयार होते. पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न शिसं वितळवते, त्यावरून अंदाज करा. म्हणून मामूंचा नियम: लावल्यावर दहा मिनिटांनी प्लगला हात लावून बघायचा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर काढायचा.

शेजारचा एक हुशार मुलगा हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, चाचा, लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरची पुढची तार कापून सरळ बॅटरीला जोडली तर? मधली गळतीच नाही! मामूंनी त्याला जवळ बसवून घेतलं. लॅपटॉपला १९.५ व्होल्ट लागतात. बाराचं पाणी एकोणीसच्या टाकीत आपोआप चढत नाही. आणि बारा तरी कुठे बारा असतात? इंजिन चालू असताना ते १४ च्या पुढे जातात. स्टार्टर फिरताना क्षणभर नऊच्याही खाली येतात. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल सैल होऊन सुटलं, तर जुन्या धाटणीच्या अल्टरनेटरमधून ऐंशी व्होल्टच्या पुढचा फटका बसू शकतो. या सगळ्या हेलकाव्यांच्या आणि लॅपटॉपच्या मधे, दाब वाढवणारं आणि एका रेषेत ठेवणारं काहीतरी असलंच पाहिजे. म्हणूनच आधी इंजिन चालू करायचं आणि मग प्लग लावायचा. बंद करतानाही आधी प्लग, मग चावी.

संध्याकाळी मामू परत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले. कुवेतहून आणलेला एक काळा डबा त्यांनी कुठूनसा शोधून काढला होता. लॅपटॉपचा कार-चार्जर. तो २२० च्या फेऱ्यात पडत नाही, बाराचे सरळ एकोणीस करतो, म्हणून गळती कमी. त्याच्या कडेला एक सरकवायचा खटका होता: १५, १६, १८, १९, २०. मामूंनी तो १९ वर आणला, खात्रीसाठी मल्टिमीटर लावला, लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरवर छापलेल्या चित्रात मधली पिन धन आहे ना ते पाहिलं, आणि खटक्यावर चिकटपट्टी मारली. “हा खटका पोरांच्या हाताने हलला तर लॅपटॉप गेला.” काही कंपन्यांचे लॅपटॉप आपलाच अ‍ॅडॉप्टर आहे का हे आतल्या बारीक पिनेवरून ओळखतात आणि परका असेल तर चार्जच करून घेत नाहीत. माझा तेवढा मानी नव्हता.

त्यानंतरचे दिवस असे गेले: लॅपटॉप फक्त गाडी चालत असताना चार्ज करायचा. आणि गाडी काही लॅपटॉपसाठी चालवायची नाही. पाण्याचे कॅन, रेशन, अम्मीची औषधं, कुणाला तालुक्याला सोडायचं, ज्या फेऱ्या होणारच होत्या त्यांच्यात लॅपटॉप बंद करून मागच्या सीटवर ठेवायचा. बंद लॅपटॉप लवकर भरतो. उशीवर किंवा रेक्झिनवर नाही, खाली लाकडी फळी, हवा खेळली पाहिजे. ऊन पडलं की बंद गाडीत ठेवून जायचं नाही. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या पुढे चार्ज करू नये, आणि काचा बंद असलेली गाडी उन्हात तो आकडा सहज ओलांडते. घरी आल्यावर पडद्याचा उजेड कमी करून तीन-चार तास काम. वाक्य अडलं तर लॅपटॉप मिटून कागदावर लिहायचं. कधी नव्हे ते मी एकेक वाक्य आधी डोक्यात पक्कं करून मग टंकायला लागलो.

एकदाच, पाऊस थांबेना आणि कुठे जायचं नव्हतं तेव्हा, मी उभ्या गाडीचं इंजिन चालू करून चार्ज करायला बसलो. शेडला तोवर आम्ही तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली होती. अब्बा आतून ओरडत आले. ते त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, आणि मला बरं वाटलं. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंदिस्त जागेत माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही. गाडी आधी उघड्यावर ढकलली, मग चालू केली. तासभर उभ्याने इंजिन चालवायला अर्धा-पाऊण लीटर पेट्रोल जातं, आणि तेव्हा पेट्रोलची रांग दोन तासांची होती. ती हौस एकदाच झाली.

नव्वदावं पान १९ जूनला झालं. डोंगरावरच्या वळणावर जिथे मोबाइलला दोन काड्या यायच्या तिथे गाडी उभी करून फाइल पाठवली. पैसे ऑगस्टमध्ये आले, बकरी ईद झाल्यावर. पहिल्या पैशांत गाडीला नवी बॅटरी घेतली.

आता माझा लॅपटॉप नवा आहे, यूएसबी-सी वाला, आणि काम बरंच सोपं झालंय. चार्जर आणि लॅपटॉप आपसात बोलून किती व्होल्ट हे ठरवतात, खटका सरकवायची भानगड नाही. ६५ वॅटचा कार-चार्जर अंगठ्याएवढा असतो. तरी घोळ आहेतच. दोन तोंडांच्या चार्जरवर मोठ्या अक्षरात ६५ असतं. दुसऱ्या तोंडात मोबाइल लावला की लॅपटॉपच्या वाट्याला ४५ उरतात, आणि मग आपण म्हणतो काम करताना टक्के वाढत का नाहीत. केबलही कुठलीही चालत नाही. साधी केबल तीन अँपिअरची, म्हणजे वीस व्होल्टला साठ वॅटपर्यंत. त्यापुढे पाच अँपिअरची केबल लागते. तिच्या टोकात एक चिप असते, ती चार्जरला आपली ताकद सांगते. मोबाइलबरोबर आलेली केबल लावून लोक चार्जरला शिव्या देतात. मीही दिल्यात.

गेल्या ईदला आम्ही मुंबईहून गावी निघालो तेव्हा माझं एक प्रकरण पुरं व्हायचं होतं. पुढे अब्बांच्या शेजारी बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, पेणच्या पुढे मी चार्जर काढला. मागून अम्मीने हात पुढे केला. तिच्याकडे आता मुठीत मावणारा नेब्युलायझर आहे, आत बॅटरी असलेला, यूएसबीवर चार्ज होणारा. त्याची वायर तिने माझ्या खांद्यावरून पुढे सोडली.

“लायटर रिकामा आहे ना?” ती म्हणाली. “माझं आधी लाव.”